हापशाचा निरोप : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात हापसा बंद पडला की दुरुस्ती पथकाला ते लवकर कळावं, यासाठी हापशाला बसवायचं छोटं यंत्र आम्हाला करायचंय. सध्याची रीत अशी : बाया सरपंचांच्या कानावर घालतात, ग्रामसेवक अर्ज लिहितो, अर्ज पंचायत समितीत जातो आणि मग पथकाच्या यादीत नंबर लागतो. दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या दिवसाची असते. वाट पाहण्यात आठवडे जातात.

बैठकीत फळ्यावर यादी झाली. पाण्याचा प्रवाह, बोअरमधली पातळी, पाण्यातले क्षार, जीपीएस, सौर पॅनल, लाल-हिरवा दिवा, छोटा पडदा, मोबाइल ॲप, तालुक्याचा नकाशा. यातली एकही गोष्ट उगाच आलेली नाही. पाण्यात क्षार जास्त असलेली गावं त्या भागात आहेत, खोल जाणारी भूजल पातळी हाही रोजचा प्रश्न आहे. म्हणून लगेच काही खोडलं नाही. यादीखाली एकच प्रश्न लिहून ठेवला : हे बिघडलं तर गावात कोण, कोणत्या पान्याने दुरुस्त करणार?

१७ जानेवारी

पथकातल्या मिस्त्रींसोबत दिवसभर फिरले. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, काळा पाषाण, हापसा शाळेच्या मागे. फूट व्हॉल्व्हची, म्हणजे तळाशी पाणी अडवून धरणाऱ्या झडपेची तक्रार होती.

पाहिलं ते नीट लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच होणार आहेत. वरच्या पेटीचं झाकण एका बोल्टवर निघतं. आत दांड्याच्या टोकाला कमानीसारखा लोखंडी तुकडा आणि त्यावरून खाली गेलेली चेन. दांडा गोल फिरतो, पण चेन कमानीवरून उलगडत जाते, त्यामुळे खालचा रॉड कायम सरळ उभाच ओढला जातो, तिरका कधी घासत नाही. दांडा एकाच धुरीवर फिरतो, धुरीला बंद बेअरिंग. त्यामुळे धुरीला पुन्हापुन्हा तेल घालावं लागत नाही. खाली ३-३ मीटरचे पाइप एकाला एक जोडलेले आणि तळाशी सिलिंडर. सिलिंडरचा व्यास ६३.५ मिमी, रॉडची चाल १२५ मिमी, म्हणजे एका दांड्याला सुमारे ४०० मिली पाणी. चाळीस दांड्यांत एक हंडा भरतो. बायांना हा हिशेब तोंडपाठ आहे, त्या मिनिटांत बोलतच नाहीत, दांड्यांत बोलतात.

व्हॉल्व्हसाठी सगळे पाइप वर काढावे लागले. तिपाई उभी केली, क्लॅम्प लावला, एकेक पाइप वर. तीस मीटरवर सिलिंडर असेल तर पाइप, रॉड आणि आतलं पाणी मिळून शंभर किलोच्या वर वजन भरतं. चार माणसं लागली. मिस्त्री म्हणाले, "ताई, वरचं काही मोडलं तर पोरगंबी नीट करील. खालचं बिघडलं की आमची गाडीच लागती बगा."

वरचं आणि खालचं या फरकाची वेगळी नोंद घेतली.

२५ जानेवारी

या हापशाचं, म्हणजे 'इंडिया मार्क टू'चं मूळ शोधत दोन संध्याकाळी गेल्या. सत्कारणी लागल्या.

१९६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर कठीण खडकात बोअर मारणारी यंत्रं देशात मोठ्या प्रमाणावर आली. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला आणि गावोगाव बोअर झाले. बोअर नवे होते, पण त्यांवर बसलेले पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आणि जुन्या घाटणीचे. मूळचे हे पंप परदेशी शेतघरांसाठी बनलेले होते, एका कुटुंबानं दिवसातून थोडा वेळ वापरायचे. आपल्याकडे एकेका पंपावर शेकडो माणसं पहाटेपासून रात्रीपर्यंत. बीड ठिसूळ, ते तडकायचं. सांध्यांतल्या पिना झिजायच्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यात देशातले बहुसंख्य हातपंप बंद पडलेले असत.

यावरचा तोडगा महाराष्ट्रातून निघाला. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत बिडाऐवजी पोलादी पंप तयार झाला. पुढे सोलापूरच्या कार्यशाळेत तो आणखी सुधारला. सोलापूरच्या पंपाला चेन आणि कमान असलेला, एकाच धुरीवर फिरणारा दांडा होता. युनिसेफ, केंद्र सरकार आणि अभियंत्यांनी सोलापूरचा तो पंप पायाभूत धरून कोइम्बतूर भागात नमुने तपासले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झालं. रचनेवर कुणी पेटंट घेतलं नाही. आयएस ९३०१ हे भारतीय मानक आलं आणि त्या मापांवर कोणत्याही कारखान्याला पंप करता येऊ लागला, त्यामुळे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे काही दशलक्ष पंप तयार झाले होते, आफ्रिकेतही गेले.

मला यात फार मोलाचं वाटतं ते हे : मार्क टू जुन्या पंपापेक्षा हलका नाही, स्वस्तही नाही. पोलादाचं वेल्डिंग अचूक व्हावं म्हणून कारखान्यात साचे करावे लागले, जस्ताच्या गरम कुंडात बुडवून मुलामा द्यावा लागला, बेअरिंग बंद प्रकारची घ्यावी लागली. कारखान्यातलं काम अवघड झालं, गावातलं सोपं. अवघडपणा नाहीसा होत नाही. तो कुणाच्या वाट्याला द्यायचा हे रचना करणाऱ्याच्या हातात असतं. सोलापूर-जालन्याच्या लोकांनी तो हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला येऊ दिला नाही.

आमच्या यादीकडे आता याच नजरेनं बघायचं.

४ फेब्रुवारी

यादीतलं काय काय गेलं आणि का :

जीपीएस गेलं. हापसा जागचा हलत नाही. बसवताना जागा एकदा टिपून ठेवू, हापशाला नंबर आहेच.

पडदा गेला. त्याच्याकडे बघणारं कोणी नाही. पाणी येतंय की नाही हे समोर उभ्या माणसाला दिसतंच.

सौर पॅनल गेलं. यावर बरीच चर्चा झाली. उन्हाची कमतरता नाही, पण पॅनल उघड्यावर दिसतं, दगड बसतो, चोरीला जातं, वर चार्जिंगचं सर्किट येतं. त्याऐवजी चार्ज न होणारा लिथियम सेल घ्यायचं ठरलं. हिशेब करून पाहिला : डी आकाराचा सेल १९ अँपिअर-तासांच्या आसपासचा. रेंज वाईट धरून रोज दोन मिनिटं निरोप पाठवणारा मोडेम चालू राहिला तरी वर्षाला दोन अँपिअर-तासांच्या आतच खर्च. पाच वर्षं निघायला हरकत नाही. हा सेल एकदम मोठा करंट देत नाही, म्हणून शेजारी सुपर-कपॅसिटर (वीज साठवून एकदम देणारा भाग) लागेल. तो भाग इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्रानं अंगावर घेतला.

तोटीतला प्रवाहमापक गेला. पोरं तोटीत खडे घालतात, मिस्त्रींसोबत फिरले त्या दिवशी त्यांनी काढून दाखवले होते.

पातळी आणि क्षार यांवर निर्णय नाही. सॉफ्टवेअर सांभाळणारी मैत्रीण म्हणाली, "एवढ्या लांब खोका नेऊन बसवतोच आहोत, तर एक सेन्सर जास्त लावल्यानं काय बिघडतं?" तिचा मुद्दा वजनदार आहे. बसवायला जाण्याचा खर्च खरंच मोठा असतो. तरी माझं मत वेगळं आहे, ते पुढे लिहीन.

१९ फेब्रुवारी

खोका बसवायचा कुठे? पेटीच्या आत सुरक्षित राहील, पण ती पोलादाची, आतून सिग्नल बाहेर येत नाही. वर्कशॉपमध्ये जुनी पेटी आणून तपासलं, झाकण लावलं की रेंज जाते.

मग दांडाच. मार्क टूचा दांडा भरीव चौकोनी पोलादी, आत पोकळी नाही. दांडा किती कलला एवढंच मोजायचंय आणि कलण्याचा कोन दांड्यावर कुठेही सारखाच असतो. मग हाताच्या टोकाला कशाला, धुरीजवळ लावू. तिथे हात लागत नाही, धक्के कमी बसतात. दोन यू-बोल्ट, नट अशा मापाचे की त्यांचा पाना पथकाच्या पिशवीत आधीच असतो. नवं हत्यार कुणाला विकत घ्यायला लागू नये हा नियम ठरवला.

आत कल मोजणारी एक चिप. बाकी सगळं रेझिन (ओतल्यावर दगडासारखं घट्ट होणारं रसायन) ओतून बंद.

१२ मार्च

आजची बैठक लांबली आणि चांगली झाली. विषय : खोका नेमकं काय सांगणार?

मांडवाच्या पोलादी सांगाड्यावर हापशाचं डोकं बसवून आणि दोन खऱ्या हापशांवर मिळालेली मोजणी समोर होती. अडचण अशी की पंप बिघडला तरी दांडा हलतोच. रॉड तुटला तर दांडा हलका होतो आणि पोरं त्याला लोंबकळून झोके घेतात. मोजणी भरपूर, पाणी शून्य. यावर पहिला उपाय सुचला तो हुशारीचा : झोके आणि पाणी ओढणं यांतला फरक ओळखणारी आज्ञावली लिहायची, नमुने गोळा करायचे, तिला शिकवायचं. होण्यासारखं आहे. पण मग प्रत्येक नव्या गावात पुन्हा तपासणी, पुन्हा शंका.

तेवढ्यात मोजणीचा तासांनुसार तक्ता मैत्रिणीनं उघडला. सकाळी पाच ते नऊ या वेळात ठळक उंचवटा, रोजचा, चुकत नाही. त्या वेळी पोरं झोपलेली असतात किंवा शाळेच्या तयारीत, आणि बाया पाण्यावर. म्हणजे फक्त सकाळचं बघायचं. आजची सकाळ त्याच हापशाच्या गेल्या दोन आठवड्यांच्या सकाळशी ताडायची. लागोपाठ दोन सकाळी वापर पाचव्या हिश्श्याच्या खाली गेला तर निरोप. एका सकाळी लग्न असतं, जत्रा असते, म्हणून दोन.

सगळी आज्ञावली एका पानावर मावते. मिस्त्रींना फोनवर सांगितली तर त्यांना लगेच कळली आणि त्यांनी त्यात भर घातली : पावसाळ्यात लोक ओढ्यावर जातात, टँकर आला की हापशावर कोणी येत नाही. बरोबर आहे. म्हणून निरोपात 'हापसा बिघडला' असं लिहायचं नाही. आपल्याला कळतं तेवढंच लिहायचं :

"हापसा क्र. अमुक. दोन सकाळी वापर जवळपास नाही. गावात फोन करा."

कारण विचारायचं काम माणसाचं. फोनवर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं, यंत्राकडून ते काढायला वर्ष जाईल.

आणखी एक ठरलं. खोक्याकडूनच निरोप येईनासा झाला तर ती तक्रार फक्त आमच्याकडे येणार, मिस्त्रींकडे नाही. त्यांना हापसे सांभाळायचे आहेत, आमचे खोके नाहीत.

१३ मार्च

कालच्या नोंदीला पुरवणी. केनियात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हातपंपांच्या दांड्यांत असेच मोजणी करणारे प्रेषक बसवले होते, दहा-बारा वर्षांपूर्वी. दुरुस्तीला लागणारा वेळ जवळजवळ महिन्यावरून तीन दिवसांच्या आत आला. निरोप मिळताच निघणारं दुरुस्ती पथक तिथे बांधलेलं होतं, हे विसरून चालणार नाही. निरोप वेळेवर आला आणि गाडीत डिझेल नसलं तर काही उपयोग नाही. पथकाचे सुटे भाग आणि गाडीचा खर्च यांची तरतूद प्रस्तावात आमच्या खोक्यांच्या आधी लिहिली.

२७ मार्च

पाच हापशांवर पहिले खोके बसवले. बसवणं सोपं गेलं, त्यावर लिहिण्यासारखं नाही.

एका हापशावर एक आजी म्हणाल्या, "पहाटं आधी वीस-पंचवीस दांडे मारावं लागत्यात, मग पाणी येतं. पैलं असं न्हवतं." मिस्त्री लगेच म्हणाले, फूट व्हॉल्व्ह गळतोय. रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरतं, सकाळी तेवढं पुन्हा वर ओढावं लागतं. हे दुखणं हळूहळू वाढतं आणि एक दिवस पाणी येतच नाही.

परतीच्या वाटेत मित्र म्हणाला, हेही मोजता येईल, पाण्यानं भरलेला दांडा आणि रिकामा दांडा यांचा वेग वेगळा असणार. येईल कदाचित. पण आजींना ते आधीच ठाऊक आहे आणि त्या सांगायला तयारही आहेत. त्यांना नंबर माहीत नाही एवढीच अडचण. हापशाच्या चौथऱ्यावर पथकाचा फोन नंबर कुठेही लिहिलेला नव्हता.

म्हणून पाटी. पत्र्याची, हापशाचा नंबर आणि पथकाचा मोबाइल नंबर, अक्षर लांबून वाचता येईल एवढं मोठं, आणि खाली एकच ओळ : पाणी उशिरा येत असेल तरी फोन करा. पाटी हा आमच्या प्रकल्पाचाच भाग धरायचा, खोक्याइतकाच महत्त्वाचा. पुढच्या टप्प्यात काही हापशांवर नुसती पाटी आणि काहींवर पाटी व खोका अशी तुलना करू. नुसत्या पाटीनं काम भागलं तर तसं अहवालात स्वच्छ लिहायचं.

११ एप्रिल

रेझिन ओतून खोका कायमचा बंद करण्यावर मिस्त्रींचा आक्षेप : "उघडताच येत नसंल तर आमी काय करायचं त्याचं?" हा आक्षेप मला जागचा हलवून गेला, कारण याच प्रश्नानं मी कामाला सुरुवात केली होती.

उत्तर शोधताना मार्क थ्री आठवला. मार्क टूत वरचं सोपं आणि खालचं अवघड, हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ऐंशीच्या दशकात कोइम्बतूर भागातच त्यावर काम झालं आणि मार्क थ्री आला. त्यात पाइप ३२ ऐवजी ६५ मिमीचा आणि सिलिंडर ५० मिमीचा. सिलिंडर पाइपापेक्षा अरुंद, म्हणून पाइप जागेवर ठेवून दट्ट्या आणि व्हॉल्व्ह रॉडसकट वर ओढून काढता येतात. दट्ट्यावरचा वायसर बदलायला तिपाई नको, पथकाची गाडी नको. किंमत मात्र मोजावी लागली : पाइप जड आणि महाग, आणि पाइपच काढायची वेळ आली तर तो आधीपेक्षा अवघड. देशात मार्क टूच जास्त राहिला. तरी मला मार्क थ्रीची दिशा पटते, वारंवार लागणारं काम त्यात सर्वांत सोपं केलंय. चामड्याचे वायसर जाऊन नायट्राइल रबराचे आले तेही त्याच दिशेचं, ते लवकर झिजत नाहीत.

आमच्या खोक्यात वारंवार लागणारं काम कोणतं? आत काही बदलणं नव्हे. खोका काढून दुसरा लावणं. म्हणून रेझिन राहू दिलं, कारण उघडणारं झाकण म्हणजे पाणी शिरायची वाट. पण काढणं-बसवणं दोन नटांचं केलं आणि पथकाच्या गाडीत दोन खोके जादा ठेवायचं ठरवलं. खोका कोणत्याही हापशाला लावा, त्या हापशाचा नंबर मिस्त्रींनी एका मिस्ड कॉलनंतर आम्हाला सांगायचा, जोडणी आम्ही इकडून करू. निकामी खोका आमच्याकडे परत. मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग चालंल. बल्बासारखं."

३ मे

कडक उन्हाळा, खरी परीक्षा. एका हापशाचा निरोप सकाळी साडेनऊला आला, मिस्त्रींनी गावात फोन केला, चेनचा बोल्ट सुटून पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी हापसा सुरू. दुसरा निरोप आला तिथे टँकर सुरू झाला होता, हापसा ठीक. तोही फोन वाया गेला असं मिस्त्री मानत नाहीत. बोअर आटत चाललाय हे त्यांना त्यातूनच कळलं आणि सिलिंडर आणखी दोन पाइप खाली सोडायचं त्यांनी ठरवलं. भूजलाची पातळी मोजणारा सेन्सर आम्ही लावला नव्हता, तरी पातळीची खबर मिळाली ती विचारण्यातून.

सेलचा व्होल्टेज सर्व खोक्यांचा ठीक.

२१ मे

निधी देणाऱ्यांकडून पत्र : पुढच्या टप्प्यात क्षारांचा सेन्सर जोडावा, नकाशावर रंग दिसतील, सादरीकरणाला बरं पडेल. फेब्रुवारीत राहिलेलं माझं मत आज लिहिते.

क्षारांचा प्रश्न खरा आहे आणि माणसांच्या तब्येतीशी जोडलेला आहे, म्हणून तो नीट हाताळायला हवा. पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर थर साचतो. तो नियमित पुसावा लागतो, मापाच्या द्रावणात धरून जुळवून घ्यावा लागतो. गावात हे कोण करणार? कोणी करणार नाही, आणि काही महिन्यांत नकाशावर चुकीचे रंग दिसायला लागतील. चुकीच्या हिरव्या रंगावर भरवसा ठेवून कुणी पाणी प्यायलं तर काय? शिवाय क्षार रोजच्या रोज बदलत नाहीत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, बाटलीत नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला तर उत्तर भरवशाचं मिळतं आणि फ्लोराइड, नायट्रेटही कळतात, जे क्षारांच्या साध्या सेन्सरला कळतच नाहीत. पथक तसंही प्रत्येक हापशावर जातं. बाटल्या त्यांच्या गाडीत ठेवू.

मैत्रिणीला हे पटलं, मित्र अजून पूर्ण राजी नाही. त्याचं म्हणणं, नकार दिला तर निधी अडेल. तशी शक्यता आहे. तरी पत्रात हेच लिहिलंय, जोडीला बाटल्या आणि तपासणीच्या खर्चाचं अंदाजपत्रक. सेन्सरपेक्षा ते कमी भरतं.

पत्र आज संध्याकाळी गेलं. पाऊस सुरू व्हायच्या आत उरलेल्या हापशांच्या पाट्या रंगवून घ्यायच्यात. पेंटरला नंबर फोनवर सांगायचे नाहीत, कागदावर लिहून द्यायचे आणि पाटी ठोकण्याआधी त्यावरचा नंबर एकदा लावून बघायचा.